मिल्व्हियन पुलाची लढाई : स्मरण, विस्मरण आणि ख्रिस्ती धर्माचा उदय

प्रस्तावना

इ. स. ३१२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २८ तारखेला रोम शहराच्या उत्तरेस, टायबर नदीवरील मिल्व्हियन पुलाजवळ कॉन्स्टंटाईन व मॅक्झेन्टियस या दोन रोमन सत्ताधीशांच्या सैन्यांत लढाई झाली. मॅक्झेन्टियसचा पराभव झाला आणि तो नदीत बुडून मरण पावला. लष्करीदृष्ट्या पाहता ही यादवी युद्धातील एक लढाई होय, आणि तिसऱ्या-चौथ्या शतकांतील रोमला अशा लढायांची वानवा नव्हती. असे असूनही ही एकच लढाई जगाच्या इतिहासातील एक निर्णायक वळण म्हणून स्मरणात राहिली. सम्राटाला आकाशात क्रूस दिसला, त्या चिन्हाखाली त्याने विजय मिळविला आणि रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाले, अशी या घटनेची तीन पायऱ्यांची मांडणी वर्गात सामान्यतः केली जाते. या तीनही पायऱ्या साधनांच्या कसोटीवर घासून पाहिल्या असता त्यांपैकी एकही जशीच्या तशी टिकत नाही. लढाईत काय घडले यापेक्षा लढाईचे स्मरण कोणी, केव्हा आणि कशासाठी केले हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

संघर्षाची पार्श्वभूमी

डायोक्लेशियनने इ. स. २९३ मध्ये साम्राज्याचा कारभार चार शासकांत विभागून दिला. वारसा रक्ताच्या नात्याने न ठरता नियुक्तीने ठरावा, असा या व्यवस्थेचा हेतू होता. इ. स. ३०५ मध्ये डायोक्लेशियन स्वतः निवृत्त होताच ती कोलमडली. इ. स. ३०६ च्या जुलै महिन्यात ब्रिटनमधील यॉर्क येथे कॉन्स्टंशियस मरण पावला आणि सैन्याने त्याचा पुत्र कॉन्स्टंटाईन यास सम्राट घोषित केले. त्याच वर्षी २८ ऑक्टोबर रोजी रोममध्ये प्रिटोरियन रक्षकदलाने आणि नागरिकांनी माजी सम्राट मॅक्झिमियनचा पुत्र मॅक्झेन्टियस यास सत्तेवर बसविले. रोम शहरावर कर लादण्याचा व रक्षकदल कमी करण्याचा वरिष्ठ सम्राटाचा बेत हे या उठावाचे तात्कालिक कारण होते. ही तारीख ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. मॅक्झेन्टियसची भगिनी फाउस्टा हिचा विवाह इ. स. ३०७ मध्ये कॉन्स्टंटाईनशी झाला. म्हणजे पुलावर समोरासमोर आलेले दोन्ही सेनानी एकमेकांचे मेहुणे होते.

इ. स. ३१२ च्या वसंत ऋतूत कॉन्स्टंटाईनने आल्प्स ओलांडून इटलीत प्रवेश केला. तुरीन व व्हेरोना येथील विजयांनंतर तो फ्लामिनिया मार्गाने रोमकडे आला. मॅक्झेन्टियसने दगडी पूल तोडून त्याशेजारी होड्यांचा तात्पुरता पूल उभारला होता. तटबंदीच्या आत राहून वेढा सोसण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. त्याच युक्तीने त्याने यापूर्वी दोन आक्रमकांना परतविले होते. या वेळी मात्र तो बाहेर पडला. सिबिलच्या ग्रंथांत त्या दिवशी रोमनांचा शत्रू नष्ट होईल असे भविष्य निघाल्याचे लॅक्टँशियस सांगतो. शिवाय तो दिवस मॅक्झेन्टियसच्या राज्यारोहणाचा वर्धापनदिन होता. शुभ मानलेल्या दिवशी लढण्याचा मोह त्याला पडला असावा. माघार घेताना होड्यांचा पूल मोडला आणि बहुसंख्य सैनिकांसह तो नदीत गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत शोधून काढण्यात आले आणि भाल्यावर लावलेले त्याचे शिर कॉन्स्टंटाईनच्या प्रवेशाच्या मिरवणुकीत रोमभर फिरविण्यात आले. पुढे ते आफ्रिकेत पाठविण्यात आले, कारण तो प्रांतही त्याच्या ताब्यात होता. सैन्यबळाचे झोसिमसने दिलेले आकडे (मॅक्झेन्टियसचे १,७०,००० पायदळ व १८,००० घोडदळ) विश्वासार्ह मानता येत नाहीत.

दृष्टांत : साधनांचा कालक्रम

दृष्टांताच्या कथेचा विचार करताना साधने कालक्रमाने लावली की बरीच धुके निवळते. सर्वांत जवळची साक्ष इ. स. ३१३ मध्ये ट्रियर येथे सम्राटासमोर झालेल्या एका स्तुतिभाषणाची आहे. युद्धाचे तपशीलवार वर्णन करणारा हा वक्ता कॉन्स्टंटाईनला एका अनाम दैवी शक्तीचे साहाय्य लाभल्याचे सांगतो. क्रूस, ख्रिस्त वा स्वप्न यांचा त्यात उल्लेख नाही. दृष्टांत मात्र कॉन्स्टंटाईनच्या चरित्रात नवा नव्हता. इ. स. ३१० च्या एका स्तुतिभाषणात गॉलमधील एका मंदिरात त्याला अपोलोचे दर्शन झाल्याचे सांगितले आहे.

त्यानंतर येतो लॅक्टँशियस. हा ख्रिस्ती विद्वान पुढे कॉन्स्टंटाईनच्या पुत्राचा शिक्षक होता. धर्मच्छल करणाऱ्या सम्राटांच्या मृत्यूविषयीच्या त्याच्या ग्रंथात, जो लढाईनंतर दोन-तीन वर्षांत लिहिला गेला, लढाईच्या आदल्या रात्री स्वप्नात मिळालेल्या आज्ञेनुसार सैनिकांच्या ढालींवर दैवी चिन्ह रेखाटल्याचे म्हटले आहे. आकाशातील क्रूस येथेही नाही. कैसरियाचा बिशप युसेबियस याच्या चर्चच्या इतिहासात तर ना स्वप्न आहे ना आकाशातील चिन्ह. त्याला आठवतो तो तांबड्या समुद्रात बुडालेला फारोह. मॅक्झेन्टियसचे बुडणे ही त्या जुन्या कथेची पुनरावृत्ती आहे, असे तो सुचवितो.

आकाशातील प्रकाशमय क्रूस आणि त्यासोबतची, या चिन्हाने विजयी होण्याची आज्ञा देणारी अक्षरे प्रथम दिसतात ती युसेबियसच्याच कॉन्स्टंटाईन-चरित्रात. हे चरित्र सम्राटाच्या इ. स. ३३७ मधील मृत्यूनंतर, म्हणजे लढाईनंतर पंचवीस वर्षांनी, आकारास आले. ही हकीकत सम्राटाने आपणास शपथेवर सांगितली, असे युसेबियस आवर्जून नोंदवितो. त्याने ही कथा रचली असा आरोप करण्याची गरज नाही. एका वृद्ध, विजयी आणि आता निश्चितपणे ख्रिस्ती असलेल्या सम्राटाने आपल्या तारुण्यातील एका प्रसंगाकडे मागे वळून पाहिले, आणि पाहताना त्याला अर्थ दिला, एवढे मानले तरी पुरे. जर्मन विद्वान पीटर वाइस याने १९९३ मध्ये असे सुचविले की कॉन्स्टंटाईनने इ. स. ३१० मध्ये सूर्याभोवतीचे प्रभामंडल पाहिले, प्रथम त्याचा अर्थ अपोलोशी आणि नंतर ख्रिस्ताशी जोडला. हे स्पष्टीकरण आकर्षक आहे. परंतु निसर्गातील घटना सिद्ध झाली तरी तिला अर्थ का व केव्हा दिला गेला हा इतिहासाचा प्रश्न शिल्लकच राहतो.

ही कथा चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत फारशी प्रसृत नव्हती, याचा एक बोलका पुरावा जेरुसलेममध्ये मिळतो. इ. स. ३५१ च्या मे महिन्यात तेथील आकाशात प्रकाशाचा क्रूस दिसल्याचे बिशप सिरिलने सम्राट दुसरा कॉन्स्टंशियस यास पत्राने कळविले. तुझ्या पित्याच्या काळी क्रूसाचे लाकूड भूमीतून लाभले, तुझ्या काळी चिन्ह आकाशात प्रकटले, असा त्या पत्राचा आशय आहे. खुद्द कॉन्स्टंटाईनच्या पुत्राला लिहिताना सिरिलला पित्याचा दृष्टांत माहीत असता तर ही तुलना त्याने अशी केली नसती.

रोम शहरातील स्मारके

ग्रंथांकडून दगडांकडे वळल्यास चित्र अधिकच गुंतागुंतीचे होते. कोलोसियमशेजारी आजही उभी असलेली, सुमारे २१ मीटर उंचीची कॉन्स्टंटाईनची विजयकमान इ. स. ३१५ मध्ये सिनेट आणि रोमन जनता यांच्या नावे अर्पण करण्यात आली. तिच्या दक्षिणेकडील शिल्पपट्टात व्हेरोनाचा वेढा व मिल्व्हियन पुलाची लढाई कोरलेली आहे. नदीत गटांगळ्या खाणारे सैनिक स्पष्ट दिसतात. कमानीवर सूर्य व चंद्र या देवता आहेत, ट्राजन, हेड्रियन व मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांतून काढून आणलेली शिल्पे आहेत; ख्रिस्ती चिन्ह एकही नाही. कोरीव लेखात सम्राटाने ‘इन्स्टिंक्टू दिविनिटाटिस’, म्हणजे देवत्वाच्या प्रेरणेने, विजय मिळविल्याचे म्हटले आहे. कोणते देवत्व, हे लेख सांगत नाही. या संदिग्धतेत सिनेटचे चातुर्य आहे. परंपरागत देवांना मानणाऱ्या सिनेटरला आणि ख्रिस्ती दरबाऱ्याला आपापला अर्थ त्यात वाचता यावा, अशीच ती शब्दयोजना आहे. पराभूताचे नाव मात्र लेखात कोठेच नाही. तो केवळ ‘जुलमी’ आहे.

नाण्यांवरही हाच दुहेरीपणा दिसतो. टिसिनम येथे इ. स. ३१५ मध्ये पाडलेल्या एका रौप्य पदकावर सम्राटाच्या शिरस्त्राणावर ख्रिस्ताच्या नावातील खी व ऱ्हो या दोन ग्रीक अक्षरांचे बारीक चिन्ह आहे. त्याच सुमारास प्रचलित नाण्यांवर मात्र अजिंक्य सूर्यदेव सम्राटाचा सहचर म्हणून झळकत होता, आणि तो पुढे सुमारे दशकभर टिकला.

याहून अधिक निर्णायक असे एक स्मारक आहे, ज्याकडे स्मारक म्हणून क्वचितच पाहिले जाते. प्रिटोरियन दल आणि शाही अश्वदळ या दोन्ही तुकड्या मॅक्झेन्टियसच्या बाजूने लढल्या होत्या. विजयानंतर कॉन्स्टंटाईनने त्या बरखास्त केल्या. अश्वदळाची छावणी लॅटरन परिसरात होती. ती पाडून त्याच जागी त्याने रोमच्या बिशपसाठी भव्य चर्च उभारले. तेच आजचे लॅटरन येथील संत जॉनचे बॅसिलिका, रोमच्या बिशपचे म्हणजे पोपचे प्रधान चर्च. या अश्वदळाची दफनभूमी लाबिकाना मार्गावर होती. तिच्यावर संत मार्सेलिनस व पीटर यांचे बॅसिलिका आणि सम्राटाची माता हेलेना हिची समाधी बांधण्यात आली, आणि सैनिकांच्या थडग्यांवरील शिळा फोडून बांधकामात वापरल्या गेल्या. रोममधील पहिली शाही ख्रिस्ती वास्तू अशा रीतीने पराभूत तुकडीच्या बराकींवर आणि कबरींवर उभी आहे. श्रद्धा आणि सूड यांपैकी कोणता हेतू प्रधान होता याचा निवाडा करणे अवघड आहे. बहुधा कॉन्स्टंटाईनला स्वतःलाही ते दोन वेगळे वाटत नसावेत.

पंचांगातील लढाई

लढाईचे अधिकृत स्मरण रोममध्ये कसे होत असे, याची उत्कृष्ट नोंद इ. स. ३५४ च्या सचित्र दिनदर्शिकेत आढळते. फिलोकॅलस या लेखनकाराच्या हातची ही दिनदर्शिका व्हॅलेंटिनस नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थासाठी तयार झाली होती. तीत २८ ऑक्टोबर या दिवशी ‘जुलमी सत्ताधीशाची हकालपट्टी’ आणि २९ ऑक्टोबर या दिवशी सम्राटाचे ‘आगमन’ अशा सणांची नोंद आहे. आगमनाच्या दिवशी रथशर्यतीच्या २४ फेऱ्या होत. क्रूसाचा, दृष्टांताचा वा ख्रिस्ताचा उल्लेख या नोंदीत नाही. सहा वर्षे जो दिवस मॅक्झेन्टियसचा राज्यारोहण दिन होता, तोच आता त्याच्या नाशाचा सण झाला. वेगळा दिवस निवडावा लागला नाही. जुन्या दिवसाचा अर्थ तेवढा उलटविला गेला. लढाईनंतर चाळीस वर्षांनीही रोमकरांच्या दृष्टीने हा सण घोड्यांच्या शर्यतींचा, शाही आणि नागरी होता. हीच दिनदर्शिका २५ डिसेंबरला अजिंक्य सूर्याचा जन्मदिन नोंदविते, आणि त्याच संग्रहातील हुतात्म्यांच्या यादीत त्याच तारखेस ख्रिस्तजन्माची नोंद आहे. एका घरात दोन पंचांगे सुखाने नांदत होती.

ख्रिस्ती धर्माचा उदय आणि लढाईचे स्थान

ख्रिस्ती धर्माचा उदय या लढाईमुळे झाला, हे विधान कार्यकारणभाव उलटा लावते. ख्रिस्ती समाज इ. स. ३१२ पूर्वीच साम्राज्यात दृढमूल झालेला होता. रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्या इ. स. २५१ च्या सुमाराच्या पत्रानुसार एकट्या रोममध्ये ४६ धर्मगुरू होते आणि दीड हजारांहून अधिक विधवा व गरजू यांचे पोषण चर्च करीत असे. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क याने १९९६ मध्ये मांडलेल्या गणितानुसार दर दशकाला सुमारे ४० टक्के वाढ गृहीत धरल्यास इ. स. ३०० पर्यंत ख्रिस्ती लोकांची संख्या साम्राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचते. हा अंदाज आहे, गणना नव्हे. परंतु त्यातून निघणारा मुद्दा विचारार्ह आहे: कॉन्स्टंटाईनचा कल हा वाढीचे कारण असण्यापेक्षा वाढीला दिलेला प्रतिसाद असू शकतो. शहरोशहरी बिशप, परस्पर पत्रव्यवहार, दानधर्माची शिस्तबद्ध व्यवस्था असलेली ही संघटना इ. स. ३०३ मध्ये सुरू झालेल्या धर्मच्छळातही मोडली नाही, ही गोष्ट कोणाही महत्त्वाकांक्षी शासकाच्या नजरेतून सुटणारी नव्हती.

धर्मच्छळाची समाप्तीही लढाईने झाली नाही. छळाचा प्रमुख पुरस्कर्ता गॅलेरियस यानेच मृत्युशय्येवर, इ. स. ३११ च्या एप्रिलमध्ये, ख्रिस्ती उपासनेस अनुमती दिली होती. मॅक्झेन्टियसनेही आपल्या प्रदेशात छळ थांबविला होता. युसेबियससारखा प्रतिकूल लेखकसुद्धा हे मान्य करतो, फक्त त्यास ढोंग म्हणतो. पुलावर ख्रिस्ती धर्माचा रक्षक आणि त्याचा शत्रू असे दोन पक्ष नव्हतेच. ती विभागणी नंतरच्या स्मरणाने केली.

लढाईने बदलले ते राजसत्ता व चर्च यांचे नाते. इ. स. ३१३ च्या प्रारंभी कॉन्स्टंटाईन व लिसिनियस यांची मिलान येथे भेट झाली. ‘मिलानचा आदेश’ म्हणून जो मजकूर प्रसिद्ध आहे तो वस्तुतः लिसिनियसने निकोमेडिया येथे १३ जून ३१३ रोजी लावलेले पत्र होय. त्यात ख्रिस्ती लोकांसह सर्वांनाच आपापल्या उपासनेचे स्वातंत्र्य दिले होते आणि जप्त मालमत्ता परत करण्याचा हुकूम होता. इ. स. ३२१ मध्ये रविवारी न्यायालये बंद ठेवण्याचा कायदा झाला. त्यातही त्या दिवसाचा उल्लेख सूर्याचा दिवस असाच आहे. इ. स. ३२४ मध्ये लिसिनियसचा पराभव, ३२५ मध्ये नायसियाची परिषद आणि ३३७ मध्ये मृत्युशय्येवर कॉन्स्टंटाईनचा बाप्तिस्मा, असा हा क्रम आहे. साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरविणारा हुकूम थिओडोसियसने इ. स. ३८० मध्ये काढला, आणि जुन्या उपासनेवर सार्वत्रिक बंदी आली ती ३९१-९२ मध्ये. सहिष्णुतेच्या पत्रापासून बंदीच्या कायद्यापर्यंतचा हा प्रवास ऐंशी वर्षांचा आहे. स्वतः ख्रिस्ती असलेल्या पण सम्राटाला अमान्य ठरलेल्या उत्तर आफ्रिकेतील डोनॅटिस्ट पंथीयांविरुद्ध तर इ. स. ३१७ च्या सुमारासच बळाचा वापर झाला. छळ सोसलेल्या समाजाच्या अंतर्गत वादात राजदंड इतक्या लवकर उतरला, ही बाब विजयोत्सवाच्या वर्णनांत सहसा येत नाही.

उत्तरकालीन स्मरण

प्रबोधनकाळात या लढाईला रोममध्ये नवे जीवन लाभले. व्हॅटिकनमधील कॉन्स्टंटाईन दालनाचे काम राफाएलकडे होते. १५२० मध्ये तो मरण पावल्यावर ज्युलिओ रोमानो व इतर शिष्यांनी १५२४ पर्यंत भित्तिचित्रे पूर्ण केली. एका भिंतीवर दृष्टांत, दुसरीवर मिल्व्हियन पुलाची प्रचंड रणधुमाळी, आणि त्याच दालनात कॉन्स्टंटाईनने पोपला रोम दान केल्याचा प्रसंग आहे. ज्या दानपत्रावर हा प्रसंग आधारलेला होता ते बनावट असल्याचे लोरेन्झो व्हाल्लाने भाषेच्या पुराव्यावरून १४४० मध्येच सिद्ध केले होते. चित्रकारांच्या आश्रयदात्यांना ते ठाऊक नसेल असे नाही. स्मारकाला पुराव्यापेक्षा उपयोग महत्त्वाचा असतो.

या स्मरणाची एक शाखा गोव्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल याच्या ‘पोर्तुगेज’ नावाच्या सुवर्णमुद्रेवर क्रूसाभोवती कॉन्स्टंटाईनच्या दृष्टांतातील तेच विजयवाक्य लॅटिनमध्ये कोरलेले असे. याच राजाच्या कारकिर्दीत अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाही सैन्याकडून गोवा जिंकले. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा सण होता. म्हणून जुने गोवे येथील तिचे चॅपेल आणि पुढे सी कॅथेड्रल तिला अर्पण झाले. कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवरील सोनेरी फलकांत तिच्या हौतात्म्याचे प्रसंग आहेत. या संतकथेच्या प्रचलित मध्ययुगीन रूपात कॅथरिनचा छळ करणारा सम्राट आहे मॅक्झेन्टियस. ज्याची सत्ता इजिप्तवर कधीही नव्हती आणि ज्याने स्वतःच्या प्रदेशात धर्मच्छळ थांबविला होता, तो पराभूत होताच दूरच्या अलेक्झांड्रियातील खलनायक झाला. इजिप्त त्या काळी मॅक्झिमिनस डाया याच्याकडे होते, आणि काही पाठांत त्याचेच नाव येते. नावांतील साम्य आणि पराभूताची मलिन प्रतिमा यांनी मिळून उरलेले काम केले. एका लढाईचे स्मरण म्हणून गोव्यात उभ्या राहिलेल्या वास्तूत दुसऱ्या, बारा शतके जुन्या लढाईतील पराभूताची सावली अशी वावरते.

विसाव्या शतकात सोळाशेव्या वर्धापनानिमित्त पोप दहावा पायस याने १९१३ मध्ये विशेष जुबिलीची घोषणा केली आणि फ्लामिनिया मार्गावर पुलानजीक पवित्र क्रूसाचे चर्च उभारले गेले. १८७० मध्ये रोम इटलीच्या राज्यात विलीन झाल्यापासून पोप स्वतःस व्हॅटिकनमधील बंदी मानत होते. त्या परिस्थितीत चर्चला स्वातंत्र्य देणाऱ्या सम्राटाचे स्मरण हा इटलीच्या सरकारला दिलेला सूचक टोला होता. २०१३ मध्ये सूर बदलला. कॉन्स्टंटाईनचे जन्मस्थान असलेल्या सर्बियातील निश येथे ऑर्थोडॉक्स चर्चने आणि मिलानमध्ये कॅथलिकांनी सतराशेवे वर्ष साजरे केले. त्यात विजयापेक्षा धर्मस्वातंत्र्याचा उच्चार अधिक होता. पुलाची स्वतःची कीर्ती तोवर निराळ्याच कारणाने वाढली होती. २००६ च्या एका लोकप्रिय इटालियन कादंबरीमुळे प्रेमी युगुले तेथील दिव्याच्या खांबांना कुलुपे लावून किल्ली टायबरमध्ये फेकू लागली. २०१२ मध्ये, लढाईला सतराशे वर्षे पूर्ण होत असतानाच, नगरपालिकेने ती कुलुपे कापून काढली.

इतिहाससंशोधनात रेमंड व्हॅन डॅम याने २०११ मध्ये या लढाईचा अभ्यास मुख्यतः स्मृतीचा इतिहास म्हणूनच केला. पराभूताच्या बाजूने बोलणारा पुरावा मात्र ग्रंथालयात न सापडता भूमीत सापडला. २००५-०६ मध्ये पॅलाटाईन टेकडीच्या उतारावर क्लेमेंटिना पानेल्ला यांच्या नेतृत्वाखालील उत्खननात रेशमी व लिननच्या कापडात गुंडाळून लाकडी पेट्यांत ठेवलेला एक राजदंड, काचेचे गोल आणि समारंभातील भाले मिळाले. काळ आणि स्थळ यांवरून ही राजचिन्हे मॅक्झेन्टियसची असावीत आणि पराभवाची वार्ता येताच त्याच्या निष्ठावंतांनी ती लपविली असावीत, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. ती परत नेण्यास कोणी आले नाही. आज ती रोमच्या रेल्वे स्थानकाजवळील पालाझो मास्सिमो या संग्रहालयात पाहता येतात.